रेवंडीचे कयाकवाले: खाडी, दर्या आणि दोन मुक्काम

आम्हाला अर्ध्या वाटेत किनाऱ्याला लावलं, म्हणून या मंडळींना मी पाचपैकी साडेचार गुण देतो. उरलेला अर्धा लाइफ जॅकेटं आणि टेम्पोच्या भाड्यावरून कापलाय, त्याचंही सगळं खाली येतंच.

मालवणच्या उत्तरेला कोळंबचा पूल ओलांडला की पुढे रेवंडी. तिथे राहणारे दोन भाऊ, मूळ धंदा मासेमारीचा. पावसाळा सोडून बाकीच्या महिन्यांत ते आठ-दहा जणांचा गट घेऊन कयाकची, म्हणजे पॅडलने चालवायच्या छोट्या होड्यांची, सहल काढतात. कालावल खाडीत सुरुवात, सर्जेकोटच्या तोंडातून समुद्रात, मालवण बंदर, तिथून दक्षिणेला देवबाग आणि शेवटी कर्ली खाडी. दोन रात्री तंबूत. घरावर पाटी नाही, पण धक्क्यावर "कयाकवाले" म्हटलं की कुणीही घर दाखवतं. माणशी साडेसहा हजार रुपये, त्यात कयाक, सोबतीला इंजिनाची होडी, तंबू आणि सगळं जेवणखाण आलं.

मी चिपळूणचा. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे भाड्याच्या कुठल्याही वस्तूजवळ गेलो की हात आधी नटबोल्टकडे जातो. आम्ही दहा जण होतो: मुलगी-जावई, वहिनी, शेजारचं एक जोडपं, पुतण्या आणि त्याचे दोन मित्र, मी आणि माझा वर्कशॉपातला जुना सोबती. वयं बावीसपासून बासष्टपर्यंत. पोहण्यात पुतण्या पट्टीचा, तर शेजारच्या काकूंना पाण्यात पाय टाकायचीच धास्ती. असा गट घेऊन समुद्रात जायचं म्हणजे जबाबदारी असते आणि ठरवाठरवीचं काम माझ्याकडे होतं.

बुकिंग करण्याआधी मी बऱ्याच ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी फोनवरच्या मुलाने पहिल्याच मिनिटाला आगाऊ रक्कम मागितली. किती जणांना पोहता येतं, हे शेवटपर्यंत विचारलं नाही. दुसऱ्याने सांगितलं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ बेटावर तंबू लावून देतो, शेकोटी पण करू. हे ऐकून मी फोन ठेवला. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालंय, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्याचा गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा आणि त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे खडक येतात. तिथे रात्री शेकोटी करून देतो म्हणणाऱ्याला एकतर कायदा माहीत नाही, किंवा माहीत असून फिकीर नाही. दोन्ही बाबतीत माझी माणसं मी त्याच्या हवाली करणार नाही.

रेवंडीच्या थोरल्या भावाने फोनवर आधी विचारलं, "पोवाक येता काय सगळ्यांका?" मग प्रत्येकाचं वय, वजन, कुणाला दमा, कुणाचा खांदा दुखतो, कुणाची साखर वाढते. तारीख आमच्या सोयीची घेतलीच नाही. आम्हाला प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी हवी होती. तो म्हणाला, पंचांग बघून सांगतो. आणि पौष वद्य एकादशी धरून तारीख दिली.

यातलं गणित मला फार आवडलं, म्हणून सविस्तर लिहितो. आपल्याकडे किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. एकादशी म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. हा हिशोब मुंबईच्या बाजूचा. भरती दक्षिणेकडून वर चढत येते, म्हणून मालवणला ती पाऊणएक तास आधी पोचते, म्हणजे साडेसातच्या सुमारास. खाडीच्या तोंडातून समुद्रात शिरायचं तर पाणी भरून थबकलेलं असताना शिरावं. ओहोटी लागली की खाडीतलं सगळं पाणी जोराने बाहेर धावतं आणि समोरून येणाऱ्या लाटेला भिडतं. मग तोंडावर लाटा उभ्या राहून फुटतात. थोरल्याचं वाक्य होतं, "सुकतीच्या येळार तोंडार लाट फुटता, थय कोणी हुशारी करूची नाय." साडेसातला भरती म्हणजे उजाडता उजाडता निघून थबकलेल्या पाण्यात तोंड ओलांडता येतं आणि दुपारचा वारा सुटायच्या आत पुढचं अंतर कापता येतं. शिवाय अष्टमी मागे पडून दोन-तीनच दिवस झालेले, म्हणजे भांगाचं पाणी, ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात हीच खाडी वेगळी वागते. पौर्णिमेला भरती थेट साडेदहापर्यंत जाते आणि पुढचं अंतर कापायच्या आत वारा उठतो. सुट्टीच्या हट्टापायी पौर्णिमेची तारीख घेतली असती तर या सगळ्यावर पाणी पडलं असतं.

चिपळूणहून हायवेने कणकवली, पुढे कसालला वळून मालवण असे गाडीने गेलो. रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ सोयीचं.

आता सामान. कयाक प्लास्टिकच्या, वर उघड्या बसायच्या, तळाला आरपार भोकं असलेल्या. आत आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. चार दुहेरी, दोन एकेरी. अशा कयाकला पहिली चीर जाते ती या भोकांच्या कडेला, कारण माणसाचं वजन तिथेच बसतं आणि वाळूवरून ओढताना घासतंही तिथेच. मी प्रत्येक कयाक उपडी करून भोकात बोट फिरवून पाहिलं. एका कयाकला पूर्वी चीर गेलेली होती, ती प्लास्टिक वितळवून नीट सांधलेली होती. सांधा उठलेला नव्हता, नखाने उचकटून पाहिला. धाकटा भाऊ शेजारी उभा होता, त्याला राग आला नाही. उलट म्हणाला, काका, बूचपण बघा. मागच्या टोकाला पाणी काढायचं बूच असतं, त्याचं रबर उन्हाने कडक होतं आणि मग पोकळ अंगात पाणी शिरतं. सगळी रबरं नवी होती. नंतर त्याने प्रत्येक कयाक उचलून हलवली, आत पाणी खळखळतं का ते कान देऊन ऐकलं. वर्कशॉपात आम्ही गाडी मार्गावर सोडण्यापूर्वी जे करायचो, तेच हा माणूस करत होता. माझा जीव तिथे थोडा निवांत झाला.

होडी फायबरची, उलांडीवाली (तोल राहावा म्हणून बाजूला लाकूड जोडलेली), मागे आउटबोर्ड इंजिन. नोंदणीचे कागद मागितले तर प्लास्टिकच्या पिशवीतून काढून समोर ठेवले. होडीत दोर, जादा वल्ही, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि एक वॉकीटॉकी. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर होडीच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहिलेला. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हापासून मी होडीत चढताना या गोष्टी आधी बघतो आणि इतरांनीही बघाव्यात असं मला कळकळीने वाटतं.

पहिल्या दुपारी समुद्राचं नावही नाही. खाडीच्या उथळ, शांत पाण्यात फक्त तालीम. आधी बसायचं कसं, पॅडल धरायचं कसं, दुहेरी कयाकमध्ये मागच्याने पुढच्याच्या लयीत मारायचं आणि दिशा मागच्याने सांभाळायची. जोड्या त्यांनी लावल्या, वजन आणि दम बघून. शेजारच्या जोडप्याला वेगळं केलं. काकू धाकट्या भावाच्या नजरेसमोर, माझ्या सोबत्याच्या कयाकमध्ये. त्यानंतर प्रत्येकाने कयाक मुद्दाम उलटवून परत चढायचं. यातून कुणालाही सूट नाही.

वहिनींची पाळी आली तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. त्या बावन्न वर्षांच्या, माहेर सांगलीचं, पोहणं शिकल्या त्या तलावात आणि तेही चाळिशीनंतर. कयाक उलटली तेव्हा नाकातोंडात खारं पाणी गेलं, खोकला आला. धाकटा कमरेएवढ्या पाण्यात त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता, पण त्याने हात लावला नाही. तो फक्त बोलत राहिला: "ताई, आधी कयाक धरा. श्वास घ्या. घाई नाय. आता पलीकडची कड पकडा. पाय मागे पसरा, पाण्यावर आडव्या व्हा, आणि पाय मारत मारत पोट वर ओढा." दोन वेळा घसरल्या. तिसऱ्यांदा पोट कयाकवर आलं, मग कूस बदलून त्या बसत्या झाल्या. केस तोंडावर, श्वास लागलेला, आणि चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. त्यानंतर पूर्ण सहलीत त्या पाण्याला बिचकल्या नाहीत. हाताला धरून वर ओढणं सोपं होतं. त्याने ते केलं नाही, याचे गुण मी वेगळे धरले आहेत.

उन्हं कलली तशी आम्ही खाडीत वर निघालो. कालावल खाडीत बेटं आहेत, इथे त्यांना जुवे म्हणतात. खोतजुवा, पाणखोल जुवा. माणसं राहतात, माड आहेत, घरं आहेत, आणि दळणवळणाला होडी. दोन्ही काठांना कांदळवन. काही ठिकाणी फांद्या इतक्या खाली येतात की डोकं वाकवून जावं लागतं. तिवरांच्या उघड्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. म्हणून पायात बंद बूट सक्तीचे आहेत, चपला चालत नाहीत. उथळ पाण्यात उतरताना पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला मासा) आधीच निघून जातं. हे सगळं थोरल्याने प्रत्येक वेळी नव्याने बजावलं.

पहिला मुक्काम खाडीकाठच्या एका खासगी माडांच्या बागेत होता, मालकाच्या परवानगीने. पुतण्याच्या मित्रांना तळाशीलच्या समुद्राकडच्या पुळणीवर तंबू हवे होते. तिथून सूर्यास्त छान दिसतो, हे खरं. भावांनी नाही म्हटलं. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. उजेड आणि माणसांची वर्दळ असली की मादी तशीच परत फिरते. आमच्या चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ पासून कासवांसाठी जे काम केलं ते जवळून ठाऊक असल्यामुळे मला हा नकार मनापासून पटला. मुलांनाही समजावल्यावर पटला.

तंबूची जागा निवडतानाही थोरला आधी वर बघायचा. माडाखाली तंबू टाकायचा तर वरून नारळ पडतो, झावळ पडते, आणि झावळीचं वजन ज्याला माहीत नाही त्याने ती एकदा उचलून बघावी. आम्ही यायच्या आधी पाडेली बोलावून त्या भागातले नारळ उतरवले होते आणि सुकी झावळं ओढून काढली होती. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला हे दिसतही नाही. विचारल्यावर कळलं.

जेवण भावांच्या आईच्या, म्हणजे काकींच्या हातचं, होडीतून आलेलं. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं, सोबत तांदळाची भाकरी आणि उकड्या तांदळाचा भात. दुसऱ्या दिवशी एकादशी, आमच्यातल्या दोघांचा उपास. तो मी फोनवर आधी सांगितला होता आणि काकी विसरल्या नव्हत्या: वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याच्या काचऱ्या, सगळं वेगळ्या डब्यांत, माशाच्या डब्यापासून लांब ठेवलेलं. पहाटे निघण्यापूर्वी बाकीच्यांना गरम पेज. पहाटे पॅडल मारायच्या आधी पोटाला पेजेसारखं दुसरं काही नाही.

रात्री नऊनंतर भावांनी आम्हाला काठावर बोलावलं आणि सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावलं. वद्य पक्ष, चंद्र उगवायला पहाट उजाडणार. धाकट्याने पॅडल पाण्यात फिरवलं आणि पाणी निळसर पेटलं. नॉक्टिलुका नावाचे सूक्ष्म जीव ढवळले की चमकतात. काकूंनी गुडघाभर पाण्यात उभं राहून ओंजळीने पाणी उडवलं, तर प्रत्येक थेंब पडेल तिथे ठिणगी. मासा पळाला की पाण्यात रेघ उमटायची. हे रोज दिसेलच असं नाही, आणि भावांनी ते जाहिरातीत घातलेलं नाही, हेही मला आवडलं.

सकाळी सव्वासहाला निघालो. हवेत गारवा, जमिनीकडून येणारा मतलई वारा पाठीवर, खाडी गुळगुळीत. तोंडाशी पोचलो तेव्हा सव्वासात झाले होते. डाव्या हाताला सर्जेकोट, उजवीकडे तळाशीलचं टोक. थोरल्याने सगळ्यांना कयाक एकमेकींना धरून थांबायला लावलं आणि स्वतः होडीत उभा राहून लाटा बघत राहिला. लाटा सारख्या येत नाहीत. काही मोठ्या एकापाठोपाठ येतात, मग थोडी उसंत असते. पाचेक मिनिटं त्याने काहीच केलं नाही. मग मोठ्या लाटा संपल्या आणि त्याने हात खाली टाकला. एकेक करून सगळे बाहेर पडलो. धाकटा पलीकडे थांबलेला, होडी मागे. पुढच्या टोकावर थोडं पाणी आलं, एवढंच.

बाहेरचा समुद्र खाडीसारखा नाही. लाट फुटत नाही, पण पाणी श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत राहतं, पुढची कयाक खळग्यात गेली की फक्त टोपी दिसते. काकूंनी डोळे क्षितिजावर ठेवले, तसं सांगितलं होतं, म्हणजे पोटात ढवळत नाही. सर्जेकोट ते मालवण साडेतीन-चार किलोमीटर. भरल्या कयाकने, थांबत-थांबत, गटाच्या सगळ्यात संथ जोडीच्या वेगाने. संथ जोडी कायम पुढे, धडधाकट मागे. ट्रेकला आम्ही हेच करतो, पण समुद्रावर हे पाळणारे गाइड मी कमी पाहिलेत. खडकावर एक काकण बसला होता, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. आम्ही जवळून गेलो तरी हलला नाही.

मालवणच्या चिवल्याच्या किनाऱ्यावर चहाला थांबलो. बेत असा होता: चहा, मग किल्ल्याच्या आतल्या बाजूने दक्षिणेला, आणि तारकर्लीच्या किनाऱ्यालगत नऊ-दहा किलोमीटर देवबागपर्यंत. थोरला चहा न पिता वायव्येकडे बघत उभा होता. तिकडे पाण्यावर गडद पट्टा दिसत होता. एरवी हिवाळ्यात हा वारा अकरा-बाराला सुटतो. त्या दिवशी साडेनऊला पहिली झुळूक आली. इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज तो पहाटे फोनवर बघून आला होता, वारा चढेल हे त्यात होतं, पण इतक्या लवकर नव्हतं. तो आला आणि म्हणाला, "आज फुडे जावचा नाय. वारो लवकर इलो."

गटात नाराजी झाली. मुलं म्हणाली, वारा पाठीमागून आहे, उलट लवकर पोचू. प्रश्न रास्त होता आणि थोरल्याने त्याला रास्त उत्तर दिलं. मालवण बंदराला किल्ल्याची आणि खडकांची आड आहे, म्हणून इथलं पाणी शांत वाटतं. तारकर्लीपासून पुढे किनारा उघडा, पश्चिमेला तोंड करून. देवबागला पोचेपर्यंत दुपार होणार. कर्लीच्या तोंडात तेव्हा ओहोटी जोरात, तिथून आत शिरता येणार नाही, म्हणून समुद्राकडच्या किनाऱ्यावरच उतरायचं आणि चिंचोळी पट्टी ओलांडून कयाक खाडीकडे न्यायच्या. चांगल्या हवेत ते जमतं. वाऱ्याने लाट वाढली तर भरलेली कयाक किनाऱ्याजवळ आडवी होते आणि लाट तिला माणसाच्या अंगावर आणते. उतरणाऱ्याच्या पायावर, घोट्यावर येते. त्याने आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. सांगितलं, ठरलं.

आम्हाला रस्त्याने देवबागला नेणारा टेम्पो येईपर्यंत आम्ही किल्ला बघून घेतला, धक्क्यावरच्या नेहमीच्या होडीने. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवरायांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं, १६६७ साली पुरं झालं. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. अकराच्या सुमारास आम्ही पश्चिमेच्या तटावर होतो. खाली खडकांवर लाट आपटून मागे फिरत होती आणि येणाऱ्या लाटेवर चढत होती. बाहेर, तारकर्लीच्या बाजूला, नजर जाईल तिथवर पाण्यावर पांढरा फेस फुटलेला. पुतण्याचा मित्र बराच वेळ तटावर हात टेकून बघत होता. मग त्याने थोरल्याला फोन लावून "काका, थँक्यू" एवढंच म्हटलं.

देवबागचा दुसरा मुक्काम खाडीच्या बाजूला, पुन्हा माडांत. जागा चांगली, शौचालयं दोन, पाणी भरपूर. शेजारच्या रिसॉर्टवर रात्री उशिरापर्यंत गाणी वाजत होती, त्याला भाऊ काय करणार. सकाळी साडेसहाला कर्लीत उतरलो. नऊनंतर तिथे जेटस्की आणि बनाना बोटींचा गोंगाट सुरू होतो, त्याआधीचे दोन-अडीच तास खाडी आपली असते. भोगव्याच्या बाजूला पाण्यात डॉल्फिन दिसले, आपल्या किनाऱ्यालगत असतात ते कुबड असलेले. भावांनी पॅडलं आडवी ठेवायला लावली, कुणालाही पाठलाग करू दिला नाही. डॉल्फिन स्वतःहून जवळून गेले.

आता जे पटलं नाही ते. दहापैकी तीन लाइफ जॅकेटं होडीतल्या प्रवाशांची, जाड नारंगी. ती घालून पॅडल मारताना काखेत घासतं आणि हात पूर्ण फिरत नाही. माझी मुलगी अंगाने बारीक, तिला लहान मापाचं जॅकेटच नव्हतं. खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढलं तर हनुवटीच्या वर येत होतं. पाण्यात पडल्यावर असं जॅकेट माणसाला धरून ठेवत नाही, डोक्यावरून निघू बघतं. शेवटी धाकट्याने स्वतःचं दिलं आणि तिचा पट्टा कसून बांधून घेतला. पण ज्यांनी तिथी, वारा, नारळ सगळ्याचा विचार केला त्यांच्याकडे ही उणीव असू नये. दुसरं, पहिल्या मुक्कामी शौचालय एकच, मालकाच्या घरामागे, आणि तिथवरची वाट अंधारी. बायकांना रात्री दोघी-दोघींनी जावं लागलं. वाटेवर दोन सौर दिवे लावले तर प्रश्न मिटेल, बाग खाडीकडे आहे, कासवांना त्रास नाही. तिसरं पैशाचं. वाऱ्यामुळे समुद्रातला टप्पा रद्द झाला तर टेम्पोचं भाडं गिऱ्हाइकाकडे, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. अठराशे रुपये झाले. बोलल्यावर त्यांनी निम्मे स्वतःकडे घेतले, पण हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायला हवं. नाहीतर उद्या एखादा गट पैसे वाचवायला "चला, जाऊ समुद्रातूनच" म्हणेल आणि नको ती ओढाताण होईल.

गट घेऊन जाणाऱ्यांसाठी माझ्याकडून थोडं. तारीख पंचांगावरून ठरवा, सुट्टी नंतर मागा. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर जलपर्यटन बंद असतं, त्या काळात कुणी नेतो म्हणाला तर जाऊ नका. पैसे गोळा करतानाच सगळ्यांना सांगून ठेवा की समुद्रातला टप्पा रद्द होऊ शकतो आणि त्यावर वाद नाही. आमच्या ग्रुपवर मी हे लिहिलं होतं, म्हणून चिवल्यावरची नाराजी चहा संपेपर्यंत टिकली, पुढे गेली नाही. कपडे प्रत्येकाचे दुहेरी पिशवीत, कारण कयाकच्या झाकणातून थोडं पाणी आत येतंच, झाकण कितीही चांगलं असो. जड सामान मधे आणि तळाला. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, हिवाळ्यातसुद्धा. लांब बाह्यांचा शर्ट, टोपीला दोरी, चष्म्याला दोरी. ज्यांना समुद्र नकोच वाटतो त्यांनी फक्त खाडीचा एक मुक्काम घ्यावा, भाऊ तसंही नेतात. किंवा वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या महिला कांदळवनाची सफर वल्ह्याच्या होडीतून घडवतात, तिथे जावं. काकूंसारख्यांना सुरुवात म्हणून ते उत्तम.

आमचा देवबागपर्यंतचा समुद्र राहिला आहे. फाल्गुनातली एकादशी भावांनी आमच्यासाठी धरून ठेवली आहे आणि लहान मापाची चार जॅकेटं तोवर येतील असं थोरल्याने कबूल केलंय. जाण्याआधी ती मी स्वतः खांद्याला धरून ओढून बघणार आहे. बरोबर असतील तर राहिलेला अर्धा गुण इथेच भरून टाकीन.